नेहेमियाकाकांचा मतदारसंघ

निम्मा रस्ता संपला असेल, तेव्हा नेहेमियाकाका एकदम थांबले, रुमालानं मान पुसली आणि म्हणाले, "रिबेका, इथं आपली हद्द संपली."

मी इकडेतिकडे पाहिलं. डावीकडे सातूचं शेत, उजवीकडे सातूचं शेत, मध्ये डांबरी रस्ता. पाटी नाही, खांब नाही, कुत्रंसुद्धा नाही.

"कसली हद्द?"

"मतदारसंघाची."

माझ्या हातात दुधीभोपळ्यांची पिशवी होती. वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, तोंडात रेती कचकचत होती. मी म्हटलं, "काका, इथं इस्राएलात मतदारसंघ नसतात. सगळा देश मिळून एकच. हे तुम्हाला मी सांगितलंय, आमच्या ह्यांनी सांगितलंय, तुमच्या लेकीनं, शुलूनं तर दोन भाषांत सांगितलंय."

"सरकारनं केला नाही म्हणून काय झालं? मी केलाय ना. आपल्या गावची पाण्याची टाकी, निलगिरीची झाडं, तो ओढा आणि ही वाट. एवढा आपला."

"मग आमदार हद्दीबाहेर कसा राहतो?"

"त्याला हरकत नाही गो. आमचा पेणकडचासुद्धा मुंबईत राहायचा."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालू लागले. किबुत्सकडे, म्हणजे आमदार राहायचा त्या सामायिक शेतवस्तीकडे, जाणारी बस सकाळी एकच असायची, आणि ती चुकली होती ती काकांच्या टायमुळे. आमदाराकडे जायचं तर गळ्यात टाय हवा, म्हणून ते बसथांब्यावरून परत घरी गेले होते. येहुदितमावशीनं टाय पेटीच्या तळातून काढून दिला, पण तोवर बस गेली. संध्याकाळच्या बसनं जाऊ म्हटलं तर म्हणाले, दिवेलागणीला कुणाच्या दारात कामासाठी उभं राहू नये. म्हणून चालत.

हे सगळं एकोणीसशे त्रेसष्टच्या वसंतातलं, पेसाखचा सण उलटून थोडे दिवस झाले होते.

येहुदितमावशी माझ्या आईची मावसबहीण, म्हणून तिचे यजमान माझे काका. काका पेणजवळ लोकल बोर्डाच्या शाळेत मास्तर होते. भूगोल शिकवायचे, पण जीव सगळा निवडणुकीत. मतदानाच्या कामावर मास्तरांना लावत, आणि बाकीचे मास्तर त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरी बसत, तर काका आदल्या दिवशीच हजर. त्यांना आपल्या मतदारसंघाचा सगळा इतिहास पाठ होता, आणि समोरच्याला ऐकायचा आहे की नाही याची चौकशी न करता ते तो सांगत.

त्या दिवशीही त्यांनी तो सांगितला. इंग्रजांच्या वेळी मत फक्त जमीनसारा भरणाऱ्यांना आणि शिकलेल्यांना. काकांच्या वडिलांची तेलाची घाणी होती आणि थोडी जमीन होती, म्हणून त्यांना मत होतं. ते काळा कोट घालून, मचव्यात बसून खाडीपलीकडे मत द्यायला गेले होते, आणि कोट भिजला म्हणून घरी आल्यावर आजीनं त्यांना झापलं होतं.

"मुसलमानांच्या जागा वेगळ्या होत्या," काका म्हणाले. "आपण कुठले? आपल्याला जनरलमध्ये टाकलं. बस. तुझी आजी कोण, पणजी कोण, कुणी विचारलं नाही."

आम्ही त्या आजी-पणजीच्याच कामाला निघालो होतो.

मग बावन्न साल आलं आणि सगळ्यांना मत मिळालं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याच्या निशाणीचं चित्र. एका आगरी म्हातारीनं चिठ्ठी टाकली, पेटीला हळदकुंकू लावलं, नमस्कार केला आणि काकांना विचारलं, "मास्तर, आता तो आमच्याकडं येल ना?"

"आणि आला?" मी विचारलं. मला उत्तर ठाऊक होतं, पण चालताना काहीतरी बोलायला हवं.

"आला म्हणजे? खाडीचा बांध फुटला, खारं पाणी भातात शिरलं, तेव्हा लोक त्याच्या घरी मुंबईला जाऊन बसले. धरून आणला. गुडघाभर चिखलात उभा केला आणि त्या म्हातारीनं त्याला अशा शिव्या घातल्या, अशा घातल्या, की मला कानांवर हात ठेवावे लागले."

"बांध झाला का मग?"

"दोन वर्षांनी."

"मग काय उपयोगाचा तो?"

काका पुन्हा थांबले. त्यांना थांबल्याशिवाय महत्त्वाचं बोलता येत नसे. "रिबेका, तो कामाचा नव्हता, हे मी कुठे नाकारतो? पण तो सापडायचा. शिव्या घालायला का होईना, माणसाला एक नाव लागतं. इथं मी कुणाच्या घरी जाऊन बसू?"

हा त्यांचा जुनाच हट्ट. साठ साली ते इथं आले. एकसष्टच्या निवडणुकीत आमच्या गावच्या बालवाडीत मतदान होतं. मी त्याच बालवाडीच्या स्वयंपाकघरात काम करते, म्हणून मला सगळं दिसलं. काका पडद्याआड गेले ते बाहेरच येईनात. शेवटी डोकं बाहेर काढून मोठ्यानं विचारलं, "उमेदवार कुठे आहेत?" आत नुसत्या चिठ्ठ्या होत्या, एकेका पक्षाचं एकेक अक्षर लिहिलेल्या. तिथल्या बाईनं हिब्रूत सांगितलं, अक्षर निवडा आणि पाकिटात घाला. काका म्हणाले, "अक्षराला मत देऊ? अक्षर काय माझ्या दारात येणार आहे?" मागे रांग लागली होती. रोमानियाचा एक माणूस ओरडायला लागला. शुलूनं कपाळावर हात मारून घेतला, "अबा, दाय! बस झालं, लाज आणता." काकांनी कुठलं अक्षर घातलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला वाटतं पाकीट रिकामंच टाकलं.

त्यानंतर दोन वर्षं ते गावात आमदार शोधत होते. नळाला पाणी आलं नाही की नगरपालिकेत जाऊन विचारायचे, आमचा क्नेसेतचा, म्हणजे इथल्या संसदेचा, सभासद कोण? तिथला कारकून सांगायचा, एकशे वीस आहेत, सगळे तुमचेच. काका घरी येऊन मावशीला म्हणायचे, "एकशे वीस जण आपले आहेत म्हणे, आणि येहुदित, त्यातल्या एकाला आपल्या गावचं नाव माहीत नाही." मावशी म्हणायची, "अहो, आधी भाजी आणा."

तोवर यात गंमत होती. गंमत संपली ती शुलूच्या लग्नावरून.

शुलू म्हणजे शुलामिथ, काकांची एकुलती एक, चोवीस वर्षांची. गावच्या दवाखान्यात नर्सच्या हाताखाली काम करते. हाईम नावाच्या इलेक्ट्रिशियनशी तिचं जमलं. त्याची माणसं बगदादकडची, पण चांगली, पोरीला जीव लावणारी. साखरपुड्याला मावशीनं एलियाहू हनाबीच्या नावानं मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद, केला, तर हाईमच्या आईनं दोनदा मागून घेतला. मग दोघं लग्न नोंदवायच्या कचेरीत गेली; इथं ती धर्मगुरूंच्या हातात असते. तिथल्या माणसानं शुलूचे आईवडील कुठले ते विचारलं, आणि बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, म्हटल्यावर पेन खाली ठेवला. म्हणाला, वरून हुकूम आहे, तुमच्या लोकांची आईच्या बाजूची चौकशी करायची. आई, तिची आई, तिची आई, जिथवर जाता येईल तिथवर. मधेच कुणी बाहेरून आलेली नाही ना, हे बघायचं. आईकडच्या दोन बायका आणा आणि त्यांना देवाच्या शपथेवर सांगू द्या.

हा हुकूम बासष्टपासून होता आणि देशभर आमच्या लोकांत त्यावरून आग पेटली होती. सभा होत होत्या, यरुशलेमला जाऊन बसायचं बोलणं चाललं होतं. मी सभांना जाणारी बाई नाही. शुक्रवारी दिवे लावते, शेमाची प्रार्थना म्हणते आणि देवाला आपण कोण आहोत हे माहीत आहे एवढ्यावर झोपते. पण त्या दिवशी मलाही राग आला. आमच्या बायकांनी कोकणात कुणी बघायला नसताना शब्बाथ पाळला, शनिवारी घाणी बंद ठेवली म्हणून गावानं आम्हाला नाव ठेवलं शनवारतेली; आणि इथे येऊन आम्ही आज्या मोजायच्या!

काकांनी जाहीर केलं, आमच्या घरातलं कुणीही उत्तर देणार नाही. "प्रश्न आपल्याला नाही विचारायचा. प्रश्न आपण सभागृहात विचारायचा. आपला आमदार विचारेल."

"कोण आमदार?" मावशी रडत म्हणाली.

मग त्यांनी आमदार नेमला. बसमध्ये कुणीतरी म्हणालं, दक्षिणेकडच्या किबुत्समध्ये येहुदा नावाचा क्नेसेतचा सभासद राहतो. काकांनी ठरवलं, सगळ्यांत जवळ तोच, तेव्हा आपला तोच. आणि माझं हिब्रू बरं म्हणून दुभाषी मी. नाही म्हणायला गेले तर मावशी नुसती बघत राहिली, तेव्हा चपला घातल्या.

आणि भोपळे? पेणहून आणलेल्या बियांचे, काकांनी घरामागे लावलेले. रिकाम्या हातानं जायचं नाही म्हणून.

किबुत्सच्या फाटकाशी पोचलो तेव्हा माझी चप्पल तुटली होती. आत एका पोरीला विचारलं, तिनं जेवणघर दाखवलं. तिथं एक जाडसर माणूस रबरी एप्रन बांधून भांडी घासत होता. काका त्याला ओलांडून पुढे जायला लागले.

"काका, हाच. त्या पोरीनं सांगितलं."

"कोण?"

"येहुदा. क्नेसेतवाले."

काकांनी त्याच्या ओल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हळूच म्हणाले, "काय केलंय त्यानं? शिक्षा झालीय का?"

किबुत्समध्ये भांड्यांची पाळी सगळ्यांवर येते, हे मी काकांना नंतर समजावलं; येहुदांना एवढंच सांगितलं, की काकांना तुम्हाला भेटून आनंद झाला. ते हसले, हात पुसले, आमच्यासाठी चहा, काकड्या आणि पाव घेऊन आले. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकते. वाईट असता तर बरं झालं असतं, काकांना भांडता आलं असतं.

काकांनी भोपळे पुढे केले. येहुदांनी एक उचलून उलटासुलटा पाहिला. "छान. हे गाईंना कच्चे घालायचे की शिजवून?"

"काय म्हणतो?" काकांनी विचारलं.

"आवडले म्हणतात."

मग काका उभे राहिले, टाय सरळ केला आणि शाळेत पाहुणा आल्यावर बोलावं तसं बोलले. आमच्या गावची वस्ती केवढी, आमचे लोक किती, हद्द कुठून कुठे. मी भाषांतर करत होते आणि येहुदांच्या भुवया वर वर जात होत्या.

"पण मी तुमच्या भागाचा नाही," ते म्हणाले. "मी कुठल्याच भागाचा नाही. पक्षाची यादी असते, त्यात मी आहे. मी शेतमजुरांचं काम बघतो."

"विचार, राहतो कुठे?" काका म्हणाले.

"इथे," येहुदा म्हणाले.

"मग इथलाच झाला. त्याला म्हणावं, संकोच करू नको."

मी संकोचाचं काही सांगितलं नाही. शुलूची गोष्ट सांगितली. येहुदांनी ती मान खाली घालून ऐकली. म्हणाले, माझ्या मते तुम्ही ज्यू, तुमची मुलगी ज्यू, यात विचारायचं काय? पण सरकार चार पक्षांचं. लग्नाचा विषय धर्मवाल्या पक्षाकडे, तसा करार आहे. पक्ष सांगेल तेव्हा मी हात वर करतो, पक्ष सांगेल तेव्हा खाली.

"मग आमच्यासाठी वर जाणारा हात कोणाचा?" काकांनी विचारलं.

हे मी जसंच्या तसं सांगितलं. येहुदांनी पावाची थाळी काकांकडे सरकवली. मग म्हणाले, "सावलानूत." या देशात नळ दुरुस्त होत नसेल तरी सावलानूत, घर मिळत नसेल तरी सावलानूत, धीर धरा. काकांना हिब्रू फारसं येत नसलं तरी हा शब्द येत होता. त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला.

येहुदांनी माझ्याकडे वळून, आवाज उतरवून सांगितलं, "समितीतल्या एका मित्राशी बोलेन मी. पण तुम्ही शहाण्या दिसता म्हणून सांगतो. मुलीच्या आईकडच्या दोन बायका जाऊ द्या, विचारतील ते सांगू द्या, लग्न उरकून घ्या. उगाच बोभाटा कशाला?"

"काय म्हणतो?"

मी सांगितलं. त्यावर काका फक्त "चल" म्हणाले. परतताना त्यांनी ना हद्द दाखवली ना बावन्न साल सांगितलं. मला भोपळ्यांचंच वाईट वाटत राहिलं. मावशीनं त्याची भाजी केली असती तर दोन वेळचं झालं असतं.

एवढं होऊनही काकांनी त्या माणसाची वाट पाहिली, हे मला अजून पटत नाही. "आता त्याला आपलं नाव कळलंय. पाहणीला येईल," ते मावशीला सांगायचे. काम ते नगरपालिकेच्या बागेत करायचे. तिथून रस्ता दिसतो म्हणून रस्त्याकडच्याच वाफ्यांना पाणी घालत राहायचे. एकदा मोटार आली तर खुरपं टाकून धावले. बियाण्यांचा विक्रेता निघाला. त्याच्याकडून मुळ्याच्या बिया घेऊन आले. मी चिडून म्हटलं, "काका, इथं कुणी कुणाच्या दारात येत नाही. सोडा आता."

"गावात मोटार आली ना?" ते म्हणाले. "म्हणजे रस्ता ठीक आहे."

इकडे घरात शुलू बापाशी बोलेनाशी झाली. हाईमनं कुठूनतरी काढलं की सायप्रसला जाऊन सरकारी लग्न करता येतं; बोटीनं जायचं, कागद घेऊन परत यायचं. बरेच लोक करतात. हुप्पाचा मांडव नाही, सात आशीर्वाद नाहीत, मेहंदी नाही, नुसता कागद. शुलूनं पासपोर्टसाठी फोटो काढले. मावशीला ते फोटो चादरी बदलताना सापडले. ती फोटो घेऊन माझ्याकडे आली आणि माझ्या स्वयंपाकघरात खाली बसली.

"तुझ्या काकांना सांग काहीतरी."

"मी काय सांगू? ते माझं ऐकतात का?"

"माझं तरी कुठे ऐकतात?" मग म्हणाली, "तुम्ही दोघी गेलात तर? तू आणि येमिमा. तुम्ही दोघी आईकडच्याच ना."

येमिमा मावशीची भाची, अश्केलोनला असते. मी म्हटलं, काकांनी सांगितलंय ना, उत्तर द्यायचं नाही. त्यांच्या पाठीमागून मी जाणार नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नव्हतं. माझ्या आजीची आई मला माहीत आहे, तिचं नाव सारा. तिच्या आईचं नावही ऐकलंय. त्यापलीकडे कोण होत्या ते मी पाहिलेलं नाही, आणि न पाहिलेल्या गोष्टीवर देवाचं नाव घेऊन बोलायची मला भीती वाटते. त्याहून, उत्तर दिलं की प्रश्न योग्य होता असं झालं. मावशी फोटो घेऊन गेली.

शब्बाथ उलटल्यावर रविवारी सकाळी काका आले. मी बालवाडीसाठी बटाटे सोलत होते. टाय नव्हता, बागेतले बूट होते, आणि बुटांना माती. दारात उभे राहून त्यांनी आधी बटाट्यांची चौकशी केली, कुठले, कसले. मग म्हणाले, या मातीत बटाटा बरा येतो. मी चाकू ठेवला.

"काय झालं काका?"

"शुलूच्या बोटीचं ठरलं. हाईमनं तिकिटाचं बघितलं."

"मग?"

"मी तिला म्हटलं, बेटावर जाऊन लग्न करायला आपण काय चोर आहोत? ती म्हणाली, अबा, तुम्ही आमदाराची वाट बघा, मी नाही बघणार." ते बाकावर बसले. "बरोबर आहे तिचं. चोवीस वर्षांची आहे ती. बांध व्हायला दोन वर्षं लागतात."

मी चाकू पुन्हा उचलला. खरं तर खूप बोलायचं होतं. हे तुम्हाला किबुत्सच्या वाटेवर सांगितलं होतं, ती मोटार आली तेव्हा सांगितलं होतं. पण त्यांचं तोंड बघून गिळलं.

"तू आणि येमिमा," ते म्हणाले, "जाल का त्या कचेरीत?"

"काका, तुम्हीच म्हणालात..."

"मी म्हणालो, आणि मी अजून तेच म्हणतो. मी जाणार नाही, सही करणार नाही. माझ्या वतीनं जाऊ नको तू. शुलूच्या वतीनं जा."

"आणि पणजीच्या आईपलीकडचं विचारलं तर? मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हण. जेवढं ठाऊक आहे तेवढंच सांग, एक नाव जास्त नको." ते उठले, दारापर्यंत गेले आणि तिथं थांबले. "आणि एवढं कर पोरी. तिथं त्यानं काय विचारलं, तू काय सांगितलंस, ते घरी येऊन मला सांगू नको."